रविवारची इंग्रज बाई

रिव, लीन, वेल्स
रविवार, ६ फेब्रुवारी

मेरेरिड,

'प्रिय' लिहायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. ते नंतर बघू. आधी मला सांग, आपल्याला एक आई आहे हे तुझ्या ध्यानात आहे का? इंग्लंडातल्या नव्या तुरुंगात हलवल्याला पाच रविवार झाले आणि तुझा एक फोन नाही. आधीच्या तुरुंगातून दर रविवारी करायचीस, चॅपल सुटलं की अकराला. एअरलिस अजून पावणेअकरालाच खुर्ची फोनपाशी ओढते. माझी थोरली बहीण तक्रार करणाऱ्यांतली नाही, हे तुलाही माहीत आहे, म्हणून ती तिच्या वतीने मी करते.

डिसेंबरात तिला जराशी चक्कर आली होती. आता ठीक आहे. काळजीचं काही नाही.

तुझ्याऐवजी फोन कोण करतं माहितेय? एक इंग्रज बाई. बरोबर अकराच्या ठोक्याला. खिडक्या विकते वाटतं, ती माणसं अशीच चिकट असतात. एअरलिस दोन वाक्यं ऐकते नि ठेवून देते. गेल्या रविवारी मात्र मीच रिसीव्हर हिसकावला आणि ऐकवलं, "बाई, या घराला सात खिडक्या आहेत, सातही नीट लागतात, निदान देवाचा वार तरी सोडा!" आणि आपटला. मला कानाने कमीच ऐकू येतं, तेव्हा तिचं म्हणणं ऐकून घ्यायचा प्रश्न नव्हता. तरी आज पुन्हा फोन आलाच. लाज म्हणून काही असते की नाही?

माझं चाललंय. गेल्या मंगळवारी आमच्या इथल्या पुरुषांच्या तुरुंगाची फेरी झाली. तुला शिक्षा झाली तेव्हा पोस्टातल्या रांगेत कुजबुज होती की आता ही कुठल्या तोंडाने देखरेख मंडळावर जाणार. म्हटलं, बारा वर्षं ज्या तोंडाने जाते त्याच. मंडळाला मी स्वतःच कळवलं, त्यांची हरकत नाही. वेल्श भाषेच्या सोयी बघणं माझ्याकडेच आहे. पाट्या दोन्ही भाषांत आहेत, ग्रंथालयात दीड कपाट पुस्तकं आहेत, तक्रारीचे वेल्श अर्ज फळीवर साठ ठेवले होते ते मोजले, साठच भरले. म्हणजे कोणाची काही तक्रार नाही. 'वेल्शमधून सोयीची मागणी आढळली नाही' ही ओळ मी आता डोळे मिटून लिहू शकते.

ट्युडरची काठी अजून सुटलेली नाही. तू विचारलं नाहीस तरी सांगते.

पुढच्या रविवारी फोन कर. नाहीतर मी तिथे येऊन तुझा कान धरेन, आणि मला आत यायला कोणी अडवत नाही.

अलवेनामावशी


रविवार, २७ फेब्रुवारी

मावशी,

तुझं सहा तारखेचं पत्र परवा, पंचवीसला हातात पडलं. पाकीट फोडलेलं आणि वर निळा शिक्का: 'परकी भाषा. तपासून द्यावे.' तपासणारं इथे कोणी नाही. पत्र बाहेर कुठेतरी जातं, कोणीतरी वाचतं, मग परत येतं. हेही तुला कधी मिळेल देव जाणे. जानेवारीत मी तुला दोन पत्रं पाठवली होती. मिळाली नसणार, नाहीतर तू असं लिहिलं नसतंस.

मावशी, ती इंग्रज बाई मी आहे.

तू सात खिडक्या म्हणालीस तेव्हा मला खरंच हसू आलं. म्हणायचं होतं, अगं आठ आहेत, दूधखोलीची राहिली. तेवढ्यात तू आपटलास. मग मी तो बंद फोन कानाला लावून तशीच उभी राहिले, कारण मागे रांग होती आणि मला तोंड वळवायचं नव्हतं.

इथे आल्यावर पहिल्या रविवारी मी "आई, मी बोलतेय" एवढंच म्हटलं आणि फोन बंद पडला. आमच्या मजल्यावरच्या अधिकारी पिकरिंगबाई म्हणाल्या, "फोन ऐकले जातात, माहितेय ना? मग आम्हाला समजेल असं बोलायचं. पुन्हा हे झालं तर महिनाभर फोन बंद." ओरडून नाही हं, अगदी समजावून. तेव्हापासून मी आईशी इंग्रजीत बोलते. म्हटलं, काय बिघडलं, उन्हाळ्यात राहायला येणाऱ्या पाहुण्यांशी ती चाळीस वर्षं इंग्रजीत बोलत आलीय, त्यांची बिलंसुद्धा इंग्रजीत भांडून घ्यायची.

पण ती माझ्याशी बोलत नाही. पहिल्यांदा ती आपल्या भाषेत म्हणाली, "तुम्हाला कोण पाहिजे? मी तुम्हाला ओळखत नाही." दुसऱ्यांदाही तेच. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी समजायचं ते समजले. ट्युडर पोस्टमनने पंचवीस वर्षं आईच्या दारात पत्रं टाकली, तिच्या ओट्यावर चहा प्यायला, आणि तिच्या मुलीने लग्नातली दारू पिऊन त्याच्या सायकलवर गाडी घातली. अशी मुलगी ओळखायची नाही असं तिने ठरवलं असेल तर मी काय बोलू? तरी दर रविवारी फोन करते. एखाद्या रविवारी ती विसरेल आणि ओळखेल, असं वाटतं.

तू मला खरं सांग. तिने मला टाकलंय का? हो असेल तर हो लिही. बाकी मी सांभाळीन.

आणि कृपा करून इथे कोणाला फोन-बिन करू नकोस. आल्या दिवशी नोंद करताना भाषा विचारली होती. मीच म्हटलं, "इंग्रजी चालेल, उगाच त्रास नको." एका माणसाचा पाय कायमचा अधू करून आलेल्या बाईने सोयी मागायच्या नसतात.

मेरेरिड


रिव
गुरुवार, १७ मार्च

प्रिय मेरेरिड,

मी हे पत्र इंग्रजीत लिहीत आहे, जेणेकरून ते शनिवारपर्यंत तुला मिळावे. आयुष्यात मी तुला कधी इंग्रजीत लिहिलेले नाही, त्यामुळे हे एखाद्या वीज कंपनीच्या पत्रासारखे वाटल्यास क्षमा असावी. तुझे २७ फेब्रुवारीचे पत्र काल मिळाले. जानेवारीची पत्रे मिळालेली नाहीत.

तुझ्या आईने तुला टाकलेले नाही. ही ओळ पुन्हा वाच.

१४ डिसेंबर रोजी तुझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. मी तुला चक्कर असे लिहिले होते. ते खोटे होते; ती इस्पितळात असताना तुझे फोन मीच घेतले आणि ती झोपली आहे असे सांगितले. तू आत बसून काही करू शकणार नाहीस म्हणून मी लपवले. हात आणि पाय पुष्कळसे सुधारले, परंतु तिचे इंग्रजी गेले. संपूर्ण गेले. बांगोरच्या डॉक्टरांनी सांगितले की नंतर शिकलेली भाषा कधी कधी अशी जाते आणि आईच्या कुशीतली राहते. आता कोणी इंग्रजीत बोलले तर ती फक्त अनोळखी माणसाचा आवाज ऐकते. मुलीचा आवाज त्यात तिला सापडत नाही.

त्या आवाजाला मी खिडक्या विकणारी म्हणाले. याबद्दल मी काय लिहावे ते मला इंग्रजीत सुचत नाही, आणि आपल्या भाषेतही सुचत नाही.

मी आज तुमच्या तुरुंगाला फोन केला. तू नको म्हणाली होतीस, तरी केला. उत्तर मिळाले की नोंदीनुसार कैद्याची भाषा इंग्रजी आहे, सबब अडचण उद्भवत नाही. आपल्या भाषेत बोलू नये असा कोणताही नियम नाही, हे मी बारा वर्षांच्या अनुभवाने सांगते. परंतु नोंद बदलण्याची मागणी तुझ्याकडूनच यावी लागेल. ती लेखी दे. लगेच दे. डॉक्टर म्हणतात की लहान लहान झटके येत राहतील. उन्हाळ्यापर्यंत ती राहील का, यावर त्यांनी काही सांगण्यास नकार दिला.

नम्रपणा सोडून दे.

तुझी मावशी
अलवेना


मंगळवार, २२ मार्च

मावशी,

मीही इंग्रजीतच लिहितेय, लवकर पोचावं म्हणून. दुसऱ्याचे हातमोजे घालून कणीक मळल्यासारखं वाटतंय.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. 'ही ओळ पुन्हा वाच' म्हणालीस, मी इतक्यांदा वाचली की आता कागद तिथे मऊ झालाय. तुझ्यावर रागवायचं होतं. रागावलेही, साधारण तासभर. पण मी तरी काय कमी लपवलं? दोघीही एकमेकींना जपत बसलो आणि आई पावणेअकराला खुर्ची ओढत राहिली.

रविवारी मी फोन केला नाही. पुन्हा इंग्रजीत बोलून तिला घाबरवायचं नव्हतं. अकरा वाजता मी मजल्यावर फेऱ्या मारत होते, जिन्यापासून न्हाणीपर्यंत आणि परत. कोणीतरी म्हणालं, बस की गं, जमीन झिजवशील.

आता ऐक, आणि ओरडू नकोस. सोमवारी सकाळी मी पिकरिंगबाईंकडे नोंद बदलायची मागणी केली. त्या हसल्या. "अगं, तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे!" मी काय केलं असेल? मीही हसले. अर्ज हातातच राहिला.

आणि दुपारी तर मी कहर केला. इथल्या देखरेख मंडळाचे एक गृहस्थ आले, मिस्टर हॅडली म्हणून. निवृत्त शाळामास्तर, टक्कल, कोटाच्या कोपरांना कातडी ठिगळं. तुझ्या फोनची कुठेतरी नोंद झाली असावी, कारण ते नेमके माझ्याकडेच आले. मी चादरींची गाडी ढकलत होते. वाटेतच उभं करून, पिकरिंगबाई शेजारी असताना, त्यांनी वही उघडून विचारलं, "तुमच्या वेल्शबाबत काही अडचण?" अशाच माणसाची मी दोन दिवस वाट बघत होते. वाक्यं पाठ केली होती. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं?

"नाही नाही, सगळं छान आहे, थँक यू."

त्यांनी वहीत बरोबरची खूण केली आणि गेले. मी गाडी ढकलत धुलाईखोलीत आले आणि चादरींच्या ढिगावर बुक्क्या मारल्या. मला कोणी गप्प बसवलं नव्हतं गं. माझं मीच बसवलं. तूच सांग, हे आपल्या रक्तातच आहे का? कोणी दार उघडून 'ये' म्हटलं की आपण 'नको, इथेच बरं' म्हणतो.

आईला काही सांगू नकोस. काय सांगणार म्हणा.

मेरेरिड


रिव
सोमवार, ४ एप्रिल

मेरेरिड,

इंग्रजीतच लिहितेय. पण आता वीज कंपनी गेली. इंग्रजीतही मला भांडता येतं हा शोध मला एकाहत्तराव्या वर्षी लागलाय.

तुझं पत्र वाचून आधी तुझ्यावर भडकले. भीड ही भिकेची बहीण, हे तुला लहानपणापासून कोण शिकवत आलं? मीच ना? मग चहा केला, पुन्हा वाचलं, आणि ती वही, ती शेजारी उभी असलेली पहारेकरीण, ते "काही अडचण?", यावर आले आणि चहा तसाच राहिला. कारण मेरेरिड, मी अगदी तस्संच विचारते. शब्दन् शब्द. बारा वर्षं. माझं गाव, माझी भाषा, माझं चॅपल, आणि मी त्या पोरांना विचारते इंग्रजीत! का? तर अनोळखी माणसाशी आपण आधी इंग्रजीत बोलतो, न जाणो समोरच्याला आपली भाषा येत नसली तर त्याला ओशाळं व्हायला नको म्हणून. बेकरीत करतो तेच मी तुरुंगात करत होते.

गेल्या मंगळवारी इथल्या तुरुंगात गेले. वही कपाटात ठेवली. बरोबरच्या अधिकाऱ्याला म्हटलं, तुम्ही कॉफी घ्या, मला काही कोणी खात नाही. सुतारकामाच्या खोलीत एका बाकावर जाऊन बसले. समोर एक दांडगा गडी फळी घासत होता, हातावर सापाचं चित्र. मी आपल्या भाषेत विचारलं, "कुणाचा रे तू?"

त्याचा हात थांबला. म्हणाला, "बाला गावाजवळच्या मेंढपाळ गेरालटचा. धाकटा. एल्फेड."

"गेरालट म्हणजे तो जत्रेत गायचा, जाड आवाजाचा?"

"तोच. तुम्ही कशा ओळखता?"

"पोस्टात होते मी. निम्म्या देशाचे टेलिग्राम माझ्या हातून गेलेत."

मग म्हणाला, "बाई, रागावू नका, पण दोन वर्षं तुम्ही माझ्या दारावरून जाता. मला वाटायचं तुम्ही इंग्रज."

मला! मेरेरिड, मला! मी बाकावरून पडायची राहिले.

त्याने हाक मारली तसे आणखी दोघे सरकले, मग पलीकडच्या खोलीतून एक. दुपारपर्यंत चौदा झाले. संगणकावर त्यांतले दोन 'वेल्श', बारा 'इंग्रजी'. त्या बाराही जणांनी तुझंच वाक्य म्हटलं: उगाच त्रास नको. एकाची आजी फोनवर नुसती रडते कारण नातू साहेबासारखा बोलतो. एकाने न्यायालयात अर्धं न कळताच मान हलवली होती. मी अर्जांबद्दल विचारलं. वेल्श अर्ज फळीवर आहेत की, साठ! सगळे हसले. एल्फेड म्हणाला, "फळी कुठे आहे बघितलीत का? अधिकाऱ्यांच्या टेबलाला लागून. इंग्रजी अर्ज दाराशी आहेत, कोणीही येता-जाता उचलतं. वेल्श उचलायचा तर तिघांच्या नाकासमोरून हात घालायचा. मग ते विचारणार, काय रे, इंग्रजी येत नाही होय? कोण घालणार हात?"

आणि मी महिन्याच्या महिन्याला ते साठ मोजत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मागणी आढळली नाही म्हणे. आढळेल कशी, मी तिच्याकडे पाठ करून मोजत होते ना. बारा अहवालांत बारा ओळी लिहिल्या आणि तुझ्या हॅडलीसारखे कितीतरी जण त्या वाचून 'तिकडे वेल्समध्येच मागणी नाही तर इथे कुठून असणार' असं म्हणाले असतील. तेव्हा तो फोन बंद करणारा एक हात माझाही आहे. हे तुला न सांगता मला पुढचं लिहिता आलं नसतं.

तर मी दोन कामं केली. मंडळाला कळवलं की माझ्या बारा ओळी चुकीच्या आहेत, आणि तेरावी कशी लिहायची ते मी आता माणसांना विचारून ठरवणार. दुसरं, मिस्टर हॅडलींना मंडळामार्फत पत्र टाकलं. चांगला माणूस असावा, माझ्या कानांसाठी ओरडत फोनवर माझ्याशी तासभर बोलला. त्याला सांगितलं की वाटेत विचारू नका, बसून विचारा, वर्दीतलं कोणी जवळ नको, आणि 'अडचण आहे का' हा प्रश्न आमच्या माणसांना विचारूच नये, आम्ही मेल्यावरसुद्धा 'नाही' म्हणू. बाकीचं तुला तोच सांगेल.

एअरलिस बरी आहे, असं मी आता लिहिणार नाही. शुक्रवारी पुन्हा झटका आला. बिछान्यातच आहे. ओळखते, पण बोलते कमी. काल अकरा वाजता तिने फोनकडे बोट केलं.

अलवेना


रविवार, १० एप्रिल

मावशी,

बघ, मी आपल्या भाषेत लिहितेय. हे थेट तुझ्याकडे येईल, शिक्का न बसता, असं मला सांगण्यात आलंय. बघू.

गुरुवारी मी धुलाईखोलीत चादरींच्या घड्या घालत होते. चादरीचं दुसरं टोक धरायला ह्युलवेन असते. ती अबोल आहे, तीन महिने आम्ही समोरासमोर घड्या घालतोय: "धर", "ओढ", "झालं", सगळं इंग्रजीत. तेवढ्यात मिस्टर हॅडली एकटेच आले. स्टूल ओढून बसले. खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा वर-खाली केला, कानापर्यंत लाल झाले, आणि आपल्या भाषेत, एकेक शब्द जिना उतरल्यासारखा घेत विचारलं, "तू... कुठली... गं?"

उच्चार भयंकर होता. आणि मावशी, मी रडायला लागले. जानेवारीपासून मला कोणी ते विचारलंच नव्हतं. "रिवची. तानग्रैग घरची. एअरलिसची मुलगी," असं मी भडाभडा सांगितलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण ते मान हलवत राहिले. मग इंग्रजीत सगळं सांगितलं. फोन, शिक्का, आईचं इंग्रजी. 'नाही नाही, सगळं छान आहे' हे खोटं होतं, तेही.

अजून ऐक. चादरीचं दुसरं टोक खाली पडलं. ह्युलवेन माझ्याकडे बघत होती. "अगं बाई," ती आपल्या भाषेत म्हणाली, "मी ब्लायनावची! मला वाटलं तू इंग्रज!" तीन महिने, मावशी! आम्ही दोघी एकमेकींना त्रास नको म्हणून तीन महिने इंग्रजीत चादरी घडी करत होतो. आता ती बोलायची थांबत नाही. पिकरिंगबाई म्हणाल्या, या दोघींना काय झालंय.

शुक्रवारी मिस्टर हॅडली वरच्या साहेबांकडे गेले. आज मला कागद मिळाला. नोंद बदलली. फोन वेल्शमध्ये करायला हरकत नाही. ध्वनिमुद्रण नंतर कोणाकडून तरी ऐकवून घेतील, पण मध्ये तोडणार नाहीत. फक्त माझ्या नावापुढची ती जुनी ताकीद काढायला वेळ लागणार, म्हणून पहिला फोन चोवीस तारखेला. मी मिस्टर हॅडलींना विचारलं, त्याआधीचे दोन रविवार? आज गेलाच, पण ईस्टरचा? ते म्हणाले, प्रयत्न करतो. तेही बिचारे 'प्रयत्न करतो' म्हणतात तेव्हा खरंच करतात. तरी चोवीसच.

चौदा दिवस. मला झोप नाही, जेवण नाही. आज पिकरिंगबाई आल्या आणि म्हणाल्या, "आई आजारी आहे हे बोलली असतीस तर." मी म्हटलं, "बोलायला हवं होतं." दोघींचंही खरं होतं. त्या वाईट नाहीत.

तिला तोवर सांभाळ. एवढंच कर.

मेरेरिड


रिव
मंगळवार, १९ एप्रिल

प्रिय मेरेरिड,

(हो, प्रिय. बघ, लिहिलं.)

तुझं पत्र चार दिवसांत आलं, शिक्का नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सरळ लिहिते. ईस्टरच्या दिवशी ती डोळे उघडून खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होती, पण मला 'आई' म्हणाली. नर्स म्हणते दिवस मोजायचे. रविवारपर्यंत राहील असं वाटतं, कारण हट्टी आहे. तुला ओळखेल की नाही ते मला माहीत नाही. ओळखलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे लावून घेशीलच, पण एकटी घेऊ नकोस, ती ब्लायनावची बाई जवळ असू दे.

फोनची तार बिछान्यापर्यंत ओढली आहे. रिसीव्हर मी तिच्या कानाशी धरेन आणि या वेळी तोंड बंद ठेवेन.

ट्युडर काल दारात आला होता. आत नाही आला. एअरलिस कशी आहे विचारलं. तुझं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

अकरा वाजता.

मावशी


सोमवार, २५ एप्रिल

मावशी,

तू खोलीत होतीस, रिसीव्हर तूच धरला होतास, पण तुझ्या कानांची मला खात्री आहे, म्हणून सगळं लिहिते. ती काय म्हणाली ते तुला कळायला हवं.

दहाला मी फोनपाशी जाऊन उभी राहिले. रांगेत कोणी नव्हतं. ह्युलवेनने सगळ्यांना दम दिला होता. पिकरिंगबाई लांब जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. अकराला नंबर फिरवला. वाजला. उचलला गेला. तुझा श्वास ऐकू आला, मग उशीची खसखस.

मी म्हटलं, "आई, मी मेरेरिड."

 खालच्या मजल्यावर कोणीतरी दार लावलं, ते ऐकलं. मी पुन्हा म्हटलं. 

"मेरेरिड?" आवाज अगदी बारीक. "कुठं होतीस गं इतके दिवस?"

"इथेच होते, आई."

"जेवलीस का?"

मी म्हटलं, जेवले. ती म्हणाली, "खोटं. तुझा आवाज रिकाम्या पोटाचा आहे." मी हसले की रडले ते मला सांगता यायचं नाही. मग तिचा श्वास संथ झाला. मला वाटलं, झोपली. मी बोलत राहिले, जे सुचेल ते. कोकरं झाली असतील, दूधखोलीची खिडकी वाऱ्याने वाजते का, मी चुकले, ट्युडरचं मी आयुष्यभर विसरणार नाही. हे सगळं तोडलं नाही कोणी. तेवढ्यात ती मध्येच म्हणाली,

"ऐक गं. मला एक सांगायचंय, राहून जाईल."

"सांग ना."

"एक इंग्रज बाई फोन करायची. रविवारी. तू करायचीस ना, त्याच वेळेला."

मी भिंतीला हात लावला.

"तिचं मला काही कळायचं नाही. माझं इंग्रजी गेलं की आता. पण ती रडायची गं. हळूच रडायची, ऐकू येऊ नये म्हणून. कोणी नसेल बिचारीला, नाहीतर परक्या घरी कशाला फोन करेल? आणि मी ठेवून द्यायचे. अलवेनाने तर आपटला. ते माझ्या मनात राहिलंय." दम लागला तिला. "आता येत नाही तिचा फोन. तुला इंग्रजी येतं. ती कुठे भेटली तर तिला सांग, मी रागावले नव्हते. मला फक्त तिचं बोलणं कळत नव्हतं. सांगशील ना?"

"सांगेन, आई."

"विसरू नकोस."

"नाही विसरणार."

मग तिला झोप लागली. तू रिसीव्हर उचललास आणि काही बोलली नाहीस, पहिल्यांदाच. मीही ठेवला. पिकरिंगबाईंनी वळून बघितलं आणि विचारलं, झालं का बोलणं? मी हो म्हटलं.

मावशी, ती उठली आणि तिने विचारलं तर तिला सांग, त्या बाईला निरोप पोचला.

मेरेरिड